नसलेल्या हाताची मूठ

बाइंडरचा डावा हात मनगटापासून गेला तो कटिंग मशीनखाली. एकोणतीस वर्षं वह्या-पुस्तकं बांधण्यात गेली होती, आणि एका दुपारी कागदांचा गठ्ठा सरळ करताना पातं खाली आलं. जखम दोन महिन्यांत भरली. दुखणं त्यानंतर सुरू झालं, आणि तेही जो हात उरलाच नव्हता त्यात.

"मूठ आवळलीय," तो बायकोला सांगायचा. "नखं तळव्यात रुततायत. सोडवता येत नाही."

बायको मनगटापुढच्या मोकळ्या जागेकडे बघायची. आधी समजूत घालायची, मग मनातून घाबरू लागली. जेवायला बसल्यावर कुणी त्याच्या डावीकडे पेला ठेवला, की त्याच्या चेहऱ्यावर कळ उमटायची. लेक त्या बाजूला बसेनाशी झाली.

गोळ्यांनी गुंगी यायची, मूठ सुटायची नाही. शेवटी इस्पितळातल्या डॉक्टरांनीच अॅक्युपंक्चरची चिठ्ठी लिहून दिली.

"म्हणजे त्यांनीही हात टेकले," बायको म्हणाली.

"त्यांना दोन आहेत. टेकायला सोपं जातं." अपघातानंतर तो पहिल्यांदाच थट्टा करत होता.

सुयांच्या डॉक्टरीणबाईंचं क्लिनिक एका शिंप्याच्या दुकानावर होतं. खालच्या मशीनची घरघर फरशीतून तळपायांना लागत होती. बाईंनी त्याला आडवं केलं, नवं पाकीट फोडून केसासारखी बारीक सुई काढली आणि त्याचा उजवा हात पुढे घेतला.

"बाई, हा नाही. हा धडधाकट आहे."

"माहितीये. पण तुमच्या मेंदूला दोन्ही हात अजून शाबूतच वाटतात. त्या हाताची वाट याच्याकडून विचारून घ्यायची. डोळे मिटा. जाणवेल ते सांगा, नाही जाणवलं तर तसं सांगा."

सुई उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात गेली.

"डावीकडे टोचलंत," तो म्हणाला.

डावीकडे नुसती उशी होती, तिच्यावर स्वच्छ चादर. सोबत आलेल्या बायकोनं स्टुलावर पाय वर घेतले.

दुसरी, तिसरी, चौथी सुई. मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

"कुणीतरी माझी बोटं उलगडतंय. सावकाश. हात गार आहे त्याचा."

बाईंचे दोन्ही हात त्याच्या उजव्या मनगटावर होते, आणि ते चांगले ऊबदार होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग वहीत दोन ओळी लिहिल्या.

"सुया टोचल्यावर काहींचं दुखणं कमी होतं, एवढं मी बघितलंय," त्या म्हणाल्या. "हे गार हाताचं मला विचारू नका."

पहिल्या खेपेला आराम जेमतेम तासभर टिकला. आठवड्यातून दोनदा, असे अडीच महिने गेले तेव्हा चार बोटं उलगडून राहिली. करंगळी अजून वाकडीच आहे. हवा पालटली की कळ येते. पण झोप लागते, आणि डॉक्टरांनी गोळ्या निम्म्यावर आणल्यात. तो पुन्हा कामावर जातो, छापलेली पानं क्रमानं लागलीत की नाही ते एका हातानं तपासतो.

महिन्यातून एकदा सुया घ्यायला तो जातोच. बायकोही सोबत जाते. वर मात्र चढत नाही. त्याचं होईपर्यंत खाली शिंप्याशी गप्पा मारत बसते.