शेषराव, मागं पाहा

आमच्या गावात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं, मंग जन्मभर 'अहो', नाही तं 'अमक्याचे बाबा'. मी सिंधूताई, माह्या नवऱ्याले सरळ इंद्रभान म्हणून हाक मारते. त्यावरून सासू मरेपर्यंत मले बोलली. पण माही शेजारीण गोजरबाई, तिनं सारं पाळलं. तिले लेकरू झालं नाही, म्हणजे 'अमक्याचे बाबा' म्हणायचीही सोय नव्हती. जेवायले बसा तरी 'अहो', बैल सुटला तरी 'अहो', घरात साप निघाला तरी 'अहो'. दिवसभर तिच्या घरातून तेवढंच ऐकू ये. अन् तिचा नवरा शेषराव, मोठा थंड माणूस. मान वर न करता म्हणे, "थांब, येतो."

दसरा झाला का आमच्या डोंगरात सीताफळाचे डोळे उघडतात. आम्ही नवरे-बायका मिळून टोपले घेऊन निघतो अन् माल अमडापूरच्या बाजारात नेतो. रानाचा एक कायदा आहे. तिथं शिरलं का अस्वलाचं नाव काढायचं नाही. काढलं का ते येते, असं म्हातारे सांगत आले, अन् आम्हीही तोंड शिवून घेत आलो.

त्या दिवशी गोजरबाई चढावर होती. खाली शेषराव झाडाले वाकून फळं तोडत होते. त्याईच्या मागच्या घाणेरीच्या झुडपातून अस्वल निघालं ते तिनं पाह्यलं. मीही पाह्यलं, पण मी पार नाल्याच्या पल्याड होते, माहा आवाज पोचला नाही. तिचा पोचला. पण तिच्या तोंडी ना अस्वलाचं नाव आलं, ना नवऱ्याचं. ती ओरडली, "अहो! अहो!"

त्याईले वाटलं, टोपलं भरलं असन. मान वर न करता ते म्हणाले, "थांब, येतो."

पुढचं सांगत नाही. इंद्रभाननं अन् गावच्या लोकांनी त्याईले घोंगडीत घालून आणलं. गोजरबाई रडली नाही. महिनाभर माह्या ओट्यावर येऊन बसे अन् एकच विचारे, "सिंधू, मी नाव घेतलं असतं तं ते दचकले असते ना वो? जन्मात घेतलं नव्हतं. दचकून वळले असते."

मी म्हणे, "उगी राह्य, बाई." खरं म्हणजे मलेही तसंच वाटे, पण असं कोणी तोंडावर बोलते का?

दोन-तीन वर्षांनी जंगलाच्या कडेले 'जंगलघर' नावाचा कॅम्प झाला. लेकराबाळांची सुट्टी, तंबूत राहाणं, तारेवरून घसरणं, पहाटे पाखरं पाहाणं. अकोल्याची, नागपूरची, पुण्याची माणसं येतात. मले चुलीवर भाकरी थापायले ठेवलं, गोजरबाईले भांड्याले. भाकरी फुगली का पाहुणे टाळ्या वाजवतात. बाप्पा, भाकरी फुगणार नाही तं काय करन?

कॅम्प चालवणारी मंजुश्री मॅडम वाईट नाही, हे आधीच सांगते. पोरगी बुलढाण्याचीच, मेहनती. पाहुणे रोज विचारत, इथं अस्वल आहे का, कोणी पाह्यलं का. मॅडमच्या कानावर गोजरबाईची गोष्ट गेली. तिनं लाडीगोडीनं म्हटलं, "मावशी, चहाच्या वेळेला पाहुण्यांना सांगाल का? तुम्ही स्वतः पाहिलंय."

पहिल्या दिवशी गोजरबाईनं जसं झालं तसं सांगितलं. घोंगडीपर्यंत. एक लहान पोरगी हंबरडा फोडून रडली, तिची माय मॅडमवर चिडली. हा फॅमिली कॅम्प आहे का काय आहे, म्हणे. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. मंग तिनं गोजरबाईले जवळ बसवून समजावलं, "मावशी, लहान मुलं असतात. शेवट थोडा बदलू. तुम्ही काकांचं नाव घेऊन जोरात ओरडता, काका वळतात, हळूहळू मागे सरकतात, अस्वल सीताफळ खातं आणि निघून जातं."

मले वाटलं, आता ही बाई भांडे फेकून घरी जाते. ती गेली नाही. आठवडाभर मोरीत भांडे घासता घासता ओठ हलवत राह्यली. नाव घशापर्यंत ये अन् अडके. अन् एके दिवशी चहाच्या वेळी, साऱ्या पाहुण्यांपुढं, डोक्यावरचा पदर सावरून ती ओरडली, "शेषराव, मागं पाहा!"

माही तव्यावरची भाकरी करपली. लेकरांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं तो खेळच झाला. गोजरबाई हात वर करे अन् सारी लेकरं एका आवाजात ओरडत, "शेषराव, मागं पाहा!" मंग ती सांगे, "वळले बरं. पाह्यलं त्याईनं." हे सांगताना तिचं तोंड असं उजळे का मले पाह्यवत नव्हतं. एकदा घरी येता येता मी तिच्यावर घसरलेच. म्हटलं, "मेल्या माणसाचा तमाशा मांडला तू. लाज नाही वाटत?"

ती थांबली. म्हणे, "तिथं ते रोज वाचतात, सिंधू. तुहं काय जाते?"

त्यानंतर त्या विषयावर बोललो नाही आम्ही.

आता लेकरांचं काही खरं नसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वैष्णवी नावाची एक चुणचुणीत पोरगी आली होती. गोष्ट संपली अन् तिनं विचारलं, "मग काका कुठे आहेत? आम्हाला भेटवा ना." बाकीची लेकरं तिच्या मागं लागली. गोजरबाई उठून मोरीत भांड्याले गेली. मॅडमले वाटलं, लेकरांचं मन काऊन मोडावं? दुसऱ्या दिवशी तिनं चौकीदार भगवानराव याईले पांढरं धोतर अन् टोपी दिली, सीताफळाच्या झाडामागं उभं केलं. गोजरबाईले सांगितलं नाही. तिले गंमत वाटन, असं पोरगी समजली.

गोष्ट रंगली. लेकरं ओरडली, "शेषराव, मागं पाहा!" अन् झाडामागून पांढऱ्या धोतरातला माणूस वळला अन् हात हलवत पुढं आला.

गोजरबाई उठली. डोक्यावर पदर घेतला अन् चालत गेली, घाईनं नाही, नवरा शेतातून आल्यावर बायको पाणी घेऊन सामोरी जाते तशी. भगवानराव थिजले. तिनं अगदी जवळ जाऊन त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. मंग मागं वळून म्हणाली, "हे नव्हेत."

तिथंच मातीत बसली अन् रडली. घोंगडीत आणलं तेव्हा रडली नव्हती, ते सारं त्या दिवशी रडली. पाहुण्यांनी लेकरं उचलून तंबूत नेली. मॅडम तिच्यापुढं हात जोडून उभी होती, तीही रडत होती. मले मॅडमच्या थोबाडीत द्यावीशी वाटली अन् तिची दयाही आली.

गोजरबाई पुन्हा कामावर गेली नाही. मॅडमनं गोष्ट बंद केली होती, पण आधी येऊन गेलेले पाहुणे पुन्हा आले का त्यांची लेकरं तीच मागतात. आता ती भगवानरावाची सून रेणुका सांगते. बरी सांगते, घटवून घेतलेली आहे. कॅम्प गावापासून लांब नाही, वारा इकडचा असला का लेकरांचा आवाज आमच्या गल्लीपर्यंत येते.

मी कॅम्प सोडला, घरीच असते. काल चहाच्या वेळी मी गोजरबाईच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. तिकडून आवाज आला, साऱ्या लेकरांचा मिळून, "शेषराव, मागं पाहा!" गोजरबाई हातातलं काम टाकून उठली, पदर डोक्यावर घेतला अन् डोंगराच्या वाटेकडं तोंड करून दारात उभी राह्यली.

मी म्हटलं, "बस वो, गोजरबाई. काय पाहून राह्यली तिकडं?"

ती वाटेवरची नजर न काढता म्हणाली, "एवढी लेकरं नाव घेऊन बोलावून राह्यली, सिंधू. आता तं पाह्यतीन ना ते मागं."