कापण्याआधी विचारायचं राहिलं

अशी कल्पना करा की तुमच्यासमोर दोनशे चाळीस सुटे कागद आहेत आणि त्यांचं एक पुस्तक करायचं आहे. गठ्ठा दोन्ही हातांत धरा, टेबलावर उभा ठोका, मग आडवा ठोका, सगळ्या कडा एका रेषेत येईपर्यंत. डाव्या बाजूने बोटभर आत टोच्याने पाच भोकं पाडा. दुहेरी दोरा ओवून घट्ट शिवा. पाठीला खळ लावा, वर कापडाची पट्टी, वर वजन. वाळलं की गठ्ठा कटिंग मशीनखाली सरकवा, वरचं चाक फिरवून दाब द्या आणि दांडा ओढा. पातं खाली येतं, तीन मिलिमीटरची कातरण पडते आणि कड आरशासारखी गुळगुळीत होते. मग फक्त पुठ्ठा चढवायचा.

हे सगळं जमायला तुम्हाला दोन वर्षं लागतील. बाइंडरबाईंना यातलं काहीही आठवावं लागत नाही. हातच करतात. आणि घोळ झाला तो त्यामुळेच.

बाजारातल्या दुसऱ्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत त्यांचं दुकान. मागच्या खोलीत त्या आणि त्यांचा नवरा राहतात. नवरा निवृत्त बस कंडक्टर. धंदा बाईंच्या वडिलांचा, आणि वडिलांनी धंद्याबरोबर एक नियमही दिलेला: "बाइंडरने कागद बांधावा, वाचू नये." लोक मृत्युपत्रं आणतात, फारकतीचे कागद आणतात. वाचणाऱ्याच्या हातात असले कागद कोण देईल? बाइंडरबाईंनी हा नियम तीस वर्षं पाळला, आणि नकळत तो दुकानाबाहेरही नेला. देशात सरकारने निवडणूक एकदा पुढे ढकलली, "परिस्थिती निवळेपर्यंत" म्हणून. मग दुसऱ्यांदा ढकलली. चौकात रोज संध्याकाळी माणसं जमायला लागली. बाई मात्र म्हणायच्या, "मला त्यातलं काही कळत नाही," आणि सुईत दोरा ओवायच्या.

एका सोमवारी सकाळी वकीलबाई हातगाडीवर अकरा गठ्ठे घेऊन आल्या.

"एक लाख नागरिकांनी सह्या केल्या तर कोर्टाला निवडणुकीचा अर्ज ऐकून घ्यावाच लागतो," त्यांनी सांगितलं. "सुटे कागद घेत नाहीत. बांधून हवेत. उद्या पाचच्या आत. होईल?"

"होईल की. किती आहेत सह्या?"

"एक लाख अडतीस."

"एक लाख आणि अडतीस हजार?"

"नाही हो बाई. एक लाख आणि नुसत्या अडतीस. जीव मुठीत धरून बसलोय."

बाईंनी पहिला गठ्ठा घेतला. ठोकला, शिवला, खळ लावली, वाळवला, कापला. कातरण पोत्यात टाकायला ओंजळीत उचलली आणि हात तसाच राहिला. कोऱ्या कागदाची कातरण पांढरी असते. हिच्यात निळं काहीतरी होतं. काळं होतं. एका पट्टीवर हिरवं.

त्यांनी गठ्ठा उघडला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा कागद वाचला. नाव, पत्ता, सही. सहीचा रकाना थेट उजव्या कडेपर्यंत छापलेला, आणि जोशात केलेल्या सह्यांच्या शेपट्या पार कडेला भिडलेल्या. त्या सगळ्या शेपट्या आता ओंजळीत होत्या. कापण्याआधी "कडेला काही लिहिलंय का?" असं प्रत्येक बाइंडर विचारतो. त्यांनी विचारलं नव्हतं.

त्यांनी दोनदा मोजलं. एकसष्ट.

"काय झालं गं?" आतून नवरा आला. बाईंनी गठ्ठा पुढे केला. त्याने चष्मा लावला, पानं उलटली आणि एका पानावर थांबला.

"ही तर माझी!"

"तुम्ही सही केली होती?"

"पहिल्याच आठवड्यात. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, नसती उठाठेव." त्याने आपल्या लांडी झालेल्या सहीवरून बोट फिरवलं. "लग्नाला तीस वर्षं झाली. आजवर माझं बोलणं मध्येच कातरायचीस. आता सहीसुद्धा!"

बाईंना हसू आलं नाही. पोत्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "कोणाला कळणार आहे?"

"कोर्टातल्या कारकुनाला कळेल. नाही कळलं तरी तुला कळलंय ना?" नवऱ्याने चष्मा काढला. "तू कातरलंस, आता तूच शिव."

त्यांनी वकीलबाईंना फोन लावला. झालं ते सगळं सांगून टाकलं. बाईंना वाटलं, आता शिव्या पडणार. पण वकीलबाई म्हणाल्या, "तुटलेली सही धरत नाहीत. पण शेवटी पुरवणीची पानं जोडता येतात. त्याच माणसांनी पुन्हा सही केली तर चालेल, नवी माणसंही चालतील. बाई, तेवीस तरी आणा. तेवीस कमी पडतायत."

"एकसष्ट आणते," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या पत्ते उतरवून घ्यायला बसल्या. एकसष्ट घरं! त्या शेजारणीकडे साखर मागायलाही नवऱ्याला पाठवायच्या.

नशीब एवढंच की पहिला गठ्ठा त्यांच्याच भागाचा होता. कामं वाटून घेतली. उरलेले दहा गठ्ठे न कापता बांधायचे. ठोकून द्यायला नवरा, शिवायला बाई. दुपारी तीनला दोघं वकीलबाईंकडून आणलेले सह्यांचे कोरे तक्ते घेऊन बाहेर पडले. या वेळी बाईंनी प्रत्येक तक्त्यावर उजव्या कडेपासून बोटभर आत पट्टीने लाल रेघ मारली होती.

पहिलं दार घड्याळजींचं. बाई तक्ता छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या.

"बोला की," घड्याळजी डोळ्यावरचं भिंग वर करत म्हणाले.

"मी... तुमची सही कापली."

"कुठे? बँकेत?"

बाईंनी सगळं सांगितलं. घड्याळजी पोट धरून हसले, मग एकदम गंभीर झाले. "आणि सांगायला स्वतः आलात? आणा. आमच्या धंद्यात तुमच्यासारखी माणसं हवीत. हातून काटा मोडला तरी दुरुस्तीवाले घड्याळालाच नावं ठेवतात." त्यांनी सही केली. मग आत हाक मारली, "अगं, तूही ये. तेव्हा माहेरी होतीस ना?"

सगळीकडे असं झालं नाही. एका दारात शिलाईकाम करणारी बाई दार अर्धंच उघडून म्हणाली, "एकदा केली तेव्हा मुलगा आठ दिवस बोलला नाही. आता पुन्हा? माझ्यानं नाही होणार." एका पाणीखात्यातल्या माणसाने मान हलवली. "तेव्हा साहेबांनी विचारलं नव्हतं. आता विचारतात." बाईंनी तक्ता मागे घेतला. असं दार अर्धं उघडून आपणही कितीदा बोललोय, ते त्यांना आठवलं.

जिने चढताना नवरा पुढे, बाई मागे. तो प्रत्येक घर बसच्या हिशेबाने ओळखायचा. "हे म्हणजे सातच्या बसवाले. रोज सुटे पैसे द्यायचे. देवमाणूस." देवमाणसाने सही तर केलीच, वर तक्ता घेऊन तो जिन्यात सगळ्यांची दारं वाजवत फिरला. "ज्यांनी केली नसेल त्यांनीही करा! या बाईंनी आमची कापली, ती व्याजासकट भरून काढायचीय!" चार नवी माणसं तिथेच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेवीसचा आकडा कधी मागे पडला ते कळलंही नाही. नवरा म्हणाला, "झालं की. बस आता."

"एकसष्ट म्हटलंय," बाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

अकराच्या सुमाराला त्या एका म्हातारीकडे पोचल्या. निवृत्त नर्स, हात थरथरता. लाल रेघेच्या आत सही बसवायला तिला बराच वेळ लागला. पेन ठेवून तिने वर बघितलं. "आणि तुझी कुठे आहे?"

"माझी?"

"तुझीच. एवढी गावभर फिरतेस. तू कितव्या पानावर?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे बघत होता.

"मी कागद फक्त बांधते, आजी."

"अगं, मी तीस वर्षं जखमा बांधल्या. म्हणून मला दुखत नव्हतं का?"

बाई खाली बसल्या. तक्त्यावरचा सगळा मजकूर त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वाचताना ओठ हलत होते. मग त्यांनी सही केली. लहान, सरळ, शेपटी नसलेली, रेघेच्या चांगली दोन बोटं आत.

चार वाजून चाळीस मिनिटांनी अकरा बांधीव खंड कोर्टाच्या खिडकीतून आत गेले. एकसष्टपैकी सत्तावन्न जणांनी पुन्हा सही केली होती. तिघांनी नाही म्हटलं. नवी माणसं वीस, बाई धरून. म्हणजे एकूण सह्या आधीपेक्षा सोळा जास्तच भरल्या. खिडकीतल्या कारकुनाने पहिल्या खंडाच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि न राहवून विचारलं, "हे बांधलं कोणी? कड काय सुरेख आहे!" वकीलबाई हसता हसता खोकायला लागल्या.

महिन्याभरात सुनावणीची तारीख लागली. निवडणुकीचं काय होईल ते अजून ठरायचंय. पण बाइंडरबाई आता संध्याकाळी दुकान अर्धा तास लवकर बंद करून चौकात जातात. मागे उभ्या राहतात, घोषणा हळू आवाजात देतात. नवरा म्हणतो, "अगं, जरा मोठ्याने. ही मृत्युपत्रं नाहीत."

सत्तावन्न आणि तीन, साठ झाले. एकसष्टावी सही एका मुलीची होती. कामगार वसतिगृह, खोली नऊ. बाई गेल्या तेव्हा खोली रिकामी होती. शेजारणीने सांगितलं, "नोकरी बदलली तिने. गाव कुठलं ते नाही सांगितलं." तिच्या सहीची शेपटी त्या कातरणीत होती, हिरव्या शाईची, शेवटी वर वळलेली. बाईंनी ती पट्टी दोऱ्यांच्या डब्यात जपून ठेवली आहे.

दुकानात कोणी तरुण मुलगी हिरवं पेन घेऊन आली, की त्यांच्या हातातली सुई थांबते. कडेला काही लिहिलंय का, हे तर त्या आता सगळ्यांनाच विचारतात. तिला मात्र आणखी एक गोष्ट विचारतात:

"पोरी, तू पूर्वी वसतिगृहात, नऊ नंबरच्या खोलीत राहायचीस का गं?"