डॉक्टर काहून व्हायचं आहे?

मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्याकडे विद्यार्थी कमी आणि किस्सेच जास्त जमतात. 'नीट' परीक्षेनंतर मुलाखत घेणारी मेडिकल कॉलेजं मोजकीच. पण अड्याळला माझ्या ओसरीवर दर रविवारी आम्ही खोटी मुलाखत घेतो. आम्ही म्हणजे मी, जीवशास्त्राचा निवृत्त मास्तर, आणि शेजारच्या कारेमोरे सिस्टर. त्यांनी जन्मभर सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं दिली, आणि जीभही तशीच आहे.

*

प्रणय विणकराच्या घरचा. "स्वतःबद्दल सांग" म्हटलं, तर गडी आजोबांच्या हातमागापासून सुरू! आमच्याकडे ओळख अशीच देतात, आधी घराणं, मग माणूस. त्याचा जन्म होईस्तोवर चहा गार झाला.

"दोन वाक्यांत सांगजो," सिस्टरनी बजावलं.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "मी प्रणय. बाकीचं बाबा सांगतील, बाहेर बसले आहेत."

खरंच बसले होते.

*

त्यालाच सिस्टरनी विचारलं, "डॉक्टर काहून व्हायचं आहे?"

"गरिबांची सेवा करायला."

"कोन्ता गरीब? नाव सांग."

तो म्हणाला, "सुमनआत्या. शुगरनं पाय गेला तिचा."

सिस्टरनी चष्मा पुसला. "हेच सांगजो तिथं."

*

आसगावच्या वैष्णवीला मार्क भरपूर, आवाज मात्र नाहीच. धानाची शेती, घरात दोघी बहिणी. वडिलांनी सांगून टाकलं होतं, परीक्षा यंदा एकदाच, पुढच्या वर्षी धाकटीचा नंबर.

"धानाच्या बांधीतून मायले हाक मारते तशी बोल," सिस्टर म्हणाल्या.

तिनं तसं नाव सांगितलं. समोरच्या काकू पिठाच्या हातानं धावत आल्या, "काय झालं जी?"

*

मी वैष्णवीला विचारलं, "दोन रुग्ण एकदम आले. एक ओरडतो आहे, एक गप्प आहे. आधी कोण?"

"चूप असन तो."

"कोणी शिकवलं?"

"आमच्या बकऱ्यांनी, सर. भूक लागली त ओरडतात. बिमार पडल्या का चूप बसतात."

चाळीस वर्षं शिकवलं, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

*

खऱ्या मुलाखतीनंतर तिचा फोन आला. मी स्पीकर लावला, सिस्टर खुर्ची ओढून बसल्या.

"शेवटी विचारलं सर, यंदा नाही झालं तर काय करशील?"

"मग? पुन्हा प्रयत्न करीन म्हणालीस ना?" तेच तर घोटून घेतलं होतं.

"नाही जी. खोटं कशी बोलू? म्हटलं, मी आसगावलेच राहीन. पण मंग आमच्याकडे डॉक्टर कोनाले पाठवसान?"

माझा हात कपाळाला गेला.

"मंग मधात बसलेल्या मॅडमनी विचारलं, आसगावला बस किती वाजता असते?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, टाइमाचा भरोसा नाही. पण डॉक्टर येनार असन, त थांबवून ठेवतो आमी."