डाव्या तळहातावर

मागच्या वर्षी लघवीतून रक्त गेलं, तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही. बायकोला कळलं ते माझे कपडे भिजवताना. वैरागला माझं भुसार मालाचं दुकान आहे. गिऱ्हाइकावर ओरडायला मला कारण लागत नाही, पण दवाखान्याची पायरी चढायची म्हटलं की बोबडी वळते. शेवटी तिनेच मला सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघावं लागेल, गाठ आहे की नाही ते त्याशिवाय कळणार नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन जेवलोच नाही.

खरं सांगायचं तर भीतीच्या जोडीला आणखी एक गोष्ट मला आतून कुरतडत होती. आम्ही लिंगायत. जन्मल्यावर बांधलेलं इष्टलिंग चांदीच्या डबीत आमच्या गळ्यात असतं. रोज सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. पण लघवी थेंब थेंब गळायला लागली तशी मी पूजा बंद केली होती. कपडे कधी ओले होतील याचा नेम नाही, असल्या अंगाने देवाला शिवायचं कसं? आमच्यात विटाळ मानत नाहीत, हे चारचौघांत छाती फुगवून सांगणारा मीच. स्वतःवर वेळ आली आणि सगळं विसरलो. लिंग गळ्यात होतं, पण त्याने माझ्याकडे पाठ फिरवली आहे असंच वाटायचं.

तपासणीच्या दिवशी सिस्टरने घालायला गाऊन दिला. तो मांडीवर घेऊन मी तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. बायको औषधं आणायला खाली गेली होती. आतून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज आला आणि माझा धीर सुटला. गाऊन बाकावर ठेवून मी गुपचूप जिन्याकडे निघालो. दोन पायऱ्या उतरतोय तोच लघवीची अशी घाई झाली, की पुढे जाणं शक्यच नव्हतं. मागे फिरलो आणि समोरच्या वॉर्डातल्या संडासाकडे धावलो.

बाहेर आलो आणि जागीच थांबलो. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारा मांडी घालून बसला होता. धोतरातून आलेली नळी खाटेला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीत गेली होती. कपाळावर भस्म आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग. शेजारी कुणी चहा पीत होतं, कुणी फोनवर बोलत होतं. तो आपला नजर लावून पूजेत बसलेला.

पूजा आटोपल्यावर त्याला माझ्या गळ्यातली डबी दिसली. "शरणु, अण्णा. काय बघायलाव?"

मला राहवलं नाही. "अप्पा, पिशवी लावलेली असताना पूजा चालते?"

तो हसला. "न चालायला काय झालं? लिंग काय आज बांधलंय व्हय? जल्मापासनं अंगावर हाय की. माझ्या पोटात काय हाय, काय न्हाय, ते पिशवीच्या आदी त्याला ठावं हाय."

भर वॉर्डात माझे डोळे भरून आले. त्याच्या पाया पडलो आणि परत आलो. बायको कावरीबावरी होऊन शोधत होती. "कुटं गेलता ओ?" म्हणाली. देवदर्शनाला, असं मी सांगितलं, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

टेबलावर झोपल्यावर सिस्टर म्हणाली, "काका, गळ्यातलं काढून ठेवा."

"आमच्यात हे अंगावेगळं करत नाहीत. हातात धरू का?"

"धरा, पण हात हलवू नका."

पाय फाकवून वर ठेवले होते. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. आधी औषधाच्या जेलीचा गारवा, मग जळजळ. डबीतून काढलेलं लिंग मी डाव्या मुठीत घट्ट आवळलं, दात आवळले. "काका, अंग सैल सोडा. आवळलं की जास्त दुखतं," डॉक्टर सांगत होते, पण अंग ऐकेना. तेव्हा मी एवढंच केलं. मूठ उघडली आणि पूजेला धरतो तसा तळहात सरळ केला. नजर त्यावर लावली. हळूहळू श्वास लयीत आला, मांड्यांचा ताठा गेला. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. आत पाणी सोडलं तेव्हा तर पोट फुटतंय की काय असं वाटलं. पण इतक्या दिवसांनी माझी पूजा होत होती, आणि तीही अशा जागी, अशा अवस्थेत. मला त्याची लाज वाटली नाही.

छोटी गाठ निघाली. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. पुढे ती त्याच वाटेने काढली. त्या दिवशी निघताना वॉर्डात डोकावलो, तर म्हातारा झोपला होता. उठवलं नाही, लांबूनच हात जोडले.

ज्या दुखण्याने मला देवापासून तोडलं असं मी समजत होतो, त्यानेच मला जिन्यावरून मागे फिरवलं. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मला अजून अधूनमधून त्याच तपासणीला जावं लागतं, आणि भीतीही वाटते. पण डॉक्टर 'सैल सोडा' म्हणाले की आता अंगाच्या आधी माझा डावा तळहात उघडतो.