लाल दिव्याची तार

चंद्रपूरच्या एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यातून मला हाकललं, तिथं मी पुन्हा गेले ती गिऱ्हाईक कंपनीची तपासनीस म्हणून. चौकीदारानं उठून सलाम केला. मला बरं वाटलं, लपवत नाही.

तिथं बसच्या सीटांचे सांगाडे बनतात. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, तांब्याच्या टोकांनी, म्हणजे टिपांनी, वरून-खालून दाबायचे आणि क्षणभर जबर करंट सोडायचा. आत लोखंड वितळून एक दाणा तयार होतो. तोच दोन्ही पत्रे धरून ठेवतो. बाहेरून नुसता गोल डाग दिसतो. आत दाणा धरला की नाही, डोळ्यांना कळत नाही. म्हणून मशीनला मॉनिटर लावलेला असतो. करंट कमी पडला की लाल दिवा लागतो आणि मशीन थांबते.

टिपा झिजून पसरल्या की आमचा दिवा सारखा लागायचा. मग मशीन बंद ठेवून टिपा घासाव्या लागत. सुपरवायझरला तेवढी सवड नव्हती. त्यानं मॉनिटरची तारच काढून ठेवली. तपासणी माझ्याकडे होती, म्हणून मी हटकलं.

"दिवाच पाहाचा असन तर देवळात जाय," तो सगळ्यांसमोर म्हणाला. लोक हसले.

पुढं भामरागडच्या रस्त्यावर, एका खड्ड्यात, आमची सीट जोडातून सुटली आणि एका बाईचा हात मोडला. तक्रार कारखान्यात आली. मालक यायच्या आत सुपरवायझरनं तार जोडून टाकली आणि बोट दाखवलं मशीन चालवणाऱ्याकडे. त्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. भाऊ एटापल्लीकडचा, गोंड.

"जंगलातला माणूस आहे साहेब, मोहाची पिऊन येते."

भाऊ थेंबालाही शिवत नव्हता. मी मालकाला तेही सांगितलं आणि तारेचंही. सुपरवायझर नुसता हसला. आम्हा दोघांनाही त्याच दिवशी काढलं. फाटकाबाहेर भाऊ म्हणाला, "मी पेत नाई, हे तुमी तरी बोलले बाई." मग तो डबा घेऊन बसस्टँडकडे चालू लागला. ती पाठमोरी आकृती मी राग विझू नये म्हणून जपून ठेवली.

नंतर नागपूरकडच्या एका बस बांधणाऱ्या कंपनीत मला काम लागलं. चंद्रपूरच्या त्याच कारखान्याचा माल तपासायला कोण जाणार, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हात वर केला.

सुपरवायझर आता मॅनेजर झाला होता. "अरे मॅडम, तुमी! बसा ना." खुर्ची आली, थंडा आला. मी उभीच राहिले. ढिगाच्या मधला एक सांगाडा काढायला लावला आणि छिन्नी-हातोडा त्याच्या हातात दिला.

"ऑपरेटरले बोलावतो."

"नको. तुम्हीच मारा."

त्यानं बाह्या सरसावल्या. पहिला जोड सुटला नाही. दुसराही नाही. माझा जीव खट्टू झाला. तिसऱ्या जोडात छिन्नी गेली आणि पत्रे सटकन वेगळे झाले. जोड पक्का असता तर एका पत्र्याला भोक पडून दाणा दुसऱ्याला चिकटून आला असता. इथं दोन्हीकडे नुसता गुळगुळीत डाग.

"एखादा होते असा, मॅडम."

मी मशीनच्या मागं गेले. तार सुटी लोंबत होती, टोकाला काळी टेप गुंडाळलेली. मालकाला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर मॅनेजरला म्हटलं, "जोडा." त्यानं टेप सोडवून तार जोडली. ऑपरेटरनं पेडल दाबलं. लाल दिवा लागला, मशीन थांबली. मी कुणालाच दिवा बंद करू दिला नाही.

तो जवळ येऊन हळूच बोलला, "माहे लेकरं शिकून राह्यले. जरा सांभाळून घ्या ना."

"भाऊलेही लेकरं होते," मी म्हटलं.

सगळा माल परत गेला. काही दिवसांनी मालकानं त्याला घरी बसवलं. माल परत करणं हे माझं कामच होतं. त्याच्या हातून छिन्नी मारवणं कामात बसत नव्हतं. ते मी माझ्यासाठी केलं, आणि आजही ते आठवलं की जेवण गोड लागतं.

उन्हाळ्यात मी एटापल्लीकडे भाऊच्या गावी गेले. अंगणात मोहाच्या बियांची टोरी वाळत घातली होती. खाटेवर बसवून त्यानं सगळं ऐकलं.

"चेहरा कसा झालता त्याचा?"

मी सांगितलं. मग घराकडे तोंड करून त्यानं बायकोला हाक मारली आणि मला म्हणाला, "हिलेही आयकू द्या. पहिल्यापासून सांगा बाई, सावकाश."