रॉड कोणाच्या हातात होता

रिकाम्या पार्किंग लॉटमध्येसुद्धा स्टॉप साइन दिसली की तो गाडी पूर्ण थांबवायचा. डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, मग पुन्हा डावीकडे. मागे बसलेले आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "रेकॉर्ड क्लीन पाहिजे, यार."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. सांता क्लारात आमच्या टीममध्ये तो होता. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढलेली, की पोलिसांची गाडी नुसती शेजारून गेली तरी त्याची पाठ ताठ व्हायची. पण कोणाला एअरपोर्टवर सोडायचं असो की कोणाचं बाळंतपण असो, पहिला फोन त्यालाच जायचा.

त्याचे वडील अकोल्याहून आले होते. त्यांना ट्राउट मासा पकडून दाखवायचा म्हणून त्यानं डोंगरातल्या एका तळ्यावर बोट बुक केली आणि बायको-मुलीबरोबर आम्हा नवराबायकोलाही ओढून नेलं. सगळ्यांची लाइफ जॅकेटं त्यानंच बांधली, वर बक्कल ओढून पाहिलं. काका डोक्याला रुमाल बांधून बसले होते. धपाटा मोडता मोडता ते विचारत होते, की एवढ्या मोठ्या तळ्यात माशाला तुझा दोरा सापडणार कसा. तेवढ्यात त्याच्या हातातल्या रॉडच्या दोऱ्याला ओढ बसली. ठिपक्याठिपक्यांचा चकचकीत मासा वर आला. त्याची मुलगी टाळ्या पिटू लागली. इतकं मोकळं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मग मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी वॉर्डनची बोट आली. मासेमारीचं लायसन्स दाखवायला त्यानं फोन उघडला आणि त्याचा चेहराच उतरला. मुदत गेल्याच आठवड्यात संपली होती.

काकांना लायसन्सचं काही कळत नव्हतं, पण मुलाचा चेहरा कळला. त्यांनी हात पुढे करून रॉड स्वतःकडे घेतला.

"माय रॉड, सर. माय मिस्टेक."

हे खरं का, असं वॉर्डननं त्याला विचारलं. मग त्यानं होय म्हणून मान हलवली.

"बट डॅड..." मुलगी म्हणाली. आईनं तिचा हात दाबला. आम्ही दोघं पाण्याकडे बघत राहिलो.

वॉर्डन भला माणूस निघाला. पाहुण्यांनाही लायसन्स लागतं, एवढं समजावून, मासा पाण्यात सोडायला लावून तो निघून गेला. खरं सांगितलं असतं, तरी बहुधा एवढ्यावरच भागलं असतं. परतताना बोटीत फक्त मोटारीचा आवाज होता.

सोमवारी ऑफिसात कॉफी घेताना तो मला म्हणाला, "बाबांच्या व्हिसाचं काही झालं असतं तर? मला तेही सुचलं नाही. मी मान हलवली."

काका परत जायच्या आधी त्यानं एका दुपारी घरी पॉटलक ठेवला, प्रत्येकानं आपापला पदार्थ आणायचा. काका रंगात आले होते. अमेरिकेत येऊन आपण कसे चोरून मासे पकडले आणि साहेबाच्या तावडीत कसे सापडलो, ते हातवारे करून सांगत होते. लोक हसत होते. मुलगी उठून आपल्या खोलीत गेली. तो गुलाबजामचं भांडं घेऊन दारात उभा होता. त्यानं ते खाली ठेवलं.

"बाबा, रॉड माझ्या हातात होता. लायसन्स माझं संपलं होतं. मी खोटं बोललो."

मग काका हसले. "बघा, अजून बापाला पाठीशी घालतोय."

पुन्हा हशा उसळला. एका मावशींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, म्हणाल्या. मी काही बोलणार, तोच काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथून काढलाच नाही.

पुढे नोकरी बदलून तो दूर दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला गेला. फोन कमी होत गेले. आता त्याची आठवण आली की मला पॉटलकच्या दुपारचा तोच दिसतो. आत सगळे त्याचं कौतुक करत होते आणि तो मागच्या अंगणात एकटाच खुर्च्या मिटवत होता. निम्मी माणसं अजून जेवायची होती. सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून झाल्यावर ते त्याच्या लक्षात आलं असावं. मग खाली मान घालून, एकेक करून, तो त्या पुन्हा उघडू लागला.