गिरीजच्या विहिरीतला दगड

दादा गिरीजहून फोनवर म्हणाला, "विहीर ढासळतेय. आजोबांचा दगड विकून बांधून घेऊ, नाहीतर वाडीचा रस्त्याकडचा तुकडा द्यावा लागेल." मग मला विरारच्या फ्लॅटमध्ये बसवेना.

तो दगड आजोबांना विहीर खणताना मिळाला. आतून पोकळ, पोकळीत कापसासारखे पांढरे गोळे. वर्षातून एकदा, विहिरीच्या पूजेला, तो ठेवलेल्या डब्याचं झाकण काढायचं आणि लांबूनच नमस्कार करायचा. हात लावायचा नाही, हा आजोबांचा दंडक. मला तो खुळचटपणा वाटायचा. निघायच्या आदल्या दिवशी मी वहिनीला फोनवर सांगितलं, "घासून ठेव गं. मळकट वस्तूला कोण भाव देणार?"

वाचकांसाठी वाट: विरारहून स्कूटरनं जाणार असाल तर सकाळीच निघा, नंतर नालासोपाऱ्यात रस्ता तुंबतो. गासची शेतं छान आहेत म्हणे. माझं लक्ष घड्याळात. गिरीजला सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, जरूर खा. मी एरवी चार खाते, त्या दिवशी अर्धीच गेली. दादा केळीला पाणी सोडत होता, म्हणून वहिनी डबा मांडीवर घेऊन मागे बसली.

उमेळ्याला भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. विहिरीचं सांगून किंमत विचारली, तेव्हा त्यांनी भिंग लावलं.

"ओकेनाइट. केसाहून बारीक तंतूंचे गोळे असतात हे. इथल्या विहिरीतला एवढा मोठा नमुना मी पाहिला नव्हता." मग थांबले. "पण हे चपटे कसे झाले? कशानं घासलंत?"

"काथ्यानं," वहिनी म्हणाली.

"याला बोटसुद्धा लावायचं नसतं हो. नुसती विहीर काय, वर पंप आला असता. आता कोण घेणार? कोणी सांगितलं घासायला?"

"कोणी नाय. मलाच वाटलं."

मी डब्याचं झाकण पुसत राहिले. सरांनी बॅटरी मारली, तर आत कोपऱ्यात एक गोळा तसाच फुललेला होता. तिथवर काथ्या पोचला नव्हता.

परतताना मी भरधाव सुटले होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, हळू घे. डबा हलतोय."

दादालाही तिनं 'मलाच वाटलं' असंच सांगितलं. तो जेवेपर्यंत तिच्याशी बोलला नाही, आणि मी समोर बसून वरणभात जेवले.

आता विरारला येऊन चार दिवस झाले. एका जागी बसवत नाही. असा दगड तुमच्याकडे असेल तर धुऊ नका, आधी जाणकाराला दाखवा, एवढंच लिहून थांबणार होते. पण दादा माझा प्रत्येक लेख वाचतो.

दादा, घासायला मी सांगितलं होतं.